सासऱ्यांच्या शेजारची जागा

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. भिंतीला टेकवून, मांडी घालून, कपाळभर विभूती लावून. लोक येतात, समोर बसून भजन म्हणतात, आणि गेलेला माणूस ऐकत असल्यासारखा मधोमध बसलेला असतो. मग तसंच बसलेल्या बैठकीत त्याला शेतात नेतात आणि डाव्या तळहातावर त्याच्याच गळ्यातलं इष्टलिंग ठेवून, बसलेलंच मातीत ठेवतात. वरून विभूती, बेलाची पानं, मीठ, माती. ज्याला शेत आहे त्याची जागा स्वतःच्या शेतात. ज्याला नाही त्याची गावाच्या रुद्रभूमीत.

लग्न होऊन मी सावरखेडला आले तेव्हा पहिल्याच येळवशीला सासूबाईंनी मला बांधाकडेला नेलं. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूरकडे त्या दिवशी गावात माणूस सापडत नसे, सगळे शेतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप घालायची, आत पूजा मांडायची, भज्जी, अंबिल, बाजरीचे उंडे खायचे आणि येईल जाईल त्याला बोलावून वाढायचं. सासूबाईंनी निंबाखालच्या समाध्यांपुढे पान ठेवलं आणि पंगतीत पाट मांडावेत तसं मला दाखवलं. हे आजेसासरे. ही आजेसासू. इथं मी, इथं तुझा सासरा येईल, आणि त्याच्या पलीकडे तुम्ही दोघं. मी वयानं लहान होते, मला हसू आलं. त्या रागावल्या नाहीत. जागा ठाऊक असलेली बरी, एवढंच म्हणाल्या.

सासरे भूकंपात गेले. त्या दिवसांत आमच्या भागात एकेका चितेवर कितीतरी माणसं ठेवली जात होती, पाऊस लागला होता आणि बाहेरून आलेली मदतीची माणसं घाई करा म्हणत होती. आमच्या ह्यांनी, मन्मथअप्पांनी, कुणाचं ऐकलं नाही. वडिलांना खांद्यावर घेऊन शेतात गेले, एकट्यानं खड्डा खणला आणि रीतीप्रमाणे बसवलं. मंत्र सांगायला जंगम, म्हणजे आमचा पुजारी, मिळाला नाही. मंत्र मीच म्हटला, येत होता तेवढा. हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते ह्यांना रीत ठाऊक नव्हती म्हणून झालं असं कुणाला वाटू नये.

जिवंत माती कायदा आला तेव्हा आमची साठी उलटली होती. शेतीत तोवर काही राहिलं नव्हतं. काळी जमीन उन्हाळ्यात दगड आणि पावसात वाहून जाणारा चिखल. कायद्यामागचं शास्त्र मात्र खरं होतं, ते मी आजही नाकारत नाही.

मातीत बुरशीचे तंतू असतात. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक. चमचाभर चांगल्या मातीतले तंतू उलगडले तर घराभोवती फेर धरतील इतके. ते एका झाडाच्या मुळापासून दुसऱ्या झाडाच्या मुळापर्यंत पोचतात, मुळांना पाणी आणि क्षार देतात, बदल्यात साखर घेतात, आणि हवेतून झाडानं ओढलेला कार्बन मातीत बांधून ठेवतात. असं जाळं असलेली माती पाणी धरते, वाहून जात नाही. नांगर फिरला की जाळं तुटतं. पुन्हा विणायला वर्षं लागतात, आणि आपण तर दर वर्षी नांगरतो.

हे जुनंच ज्ञान. नवा शोध असा की त्या तंतूंमधून विजेची फार क्षीण स्पंदनं जातात आणि ती ऐकता येतात. शेतात ठरावीक अंतरावर धातूच्या सुया रोवायच्या. एका सुईनं हळूच स्पंदन सोडायचं, दुसरीनं ऐकायचं. जाळं अखंड असेल तर निरोप पोचतो, तुटलं असेल तर हरवतो. त्यावरून यंत्र जमिनीचा नकाशा काढतं. जिवंत माती हिरवी, तुटलेली काळी. जितकं हिरवं तितका सरकारचा निधी. पीक काढायचं नाही, नांगर घालायचा नाही, गवत आणि देशी झाडं राखायची. जमीन आपलीच, नावही आपलंच, फक्त वीतभरापेक्षा खोल खणायचं नाही.

एक अडचण होती. तंतूंना बांध कळत नाही. ते माझ्या शेतातून शेजाऱ्याच्या शेतात जातात. म्हणून सरकारनं एकेका शेताऐवजी लागून असलेल्या शेतांचा पट्टा धरला. एकाच्या शेतात काळं पडलं की सगळ्यांचा निधी उतरणार. पट्ट्यातल्या प्रत्येकाची संमती हवी होती आणि ती आमच्या ह्यांनी मिळवली. दारोदार फिरले. सातबारा काढून दिले, म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले, मुंबई-पुण्याच्या मुलांना फोन लावले. पट्टा समितीचे अध्यक्षही तेच झाले. खणायचं नाही म्हणजे नांगर नाही, विहीर नाही, बोअर नाही, असंच आम्ही सगळे समजलो. माणूस मातीत ठेवणं ह्याला खणणं म्हणतात हे आमच्या डोक्यातच आलं नाही. ते आपलं वेगळंच काही होतं.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू. आटलेल्या विहिरींना पाणी आलं. गवतात चंडोल घरटी करू लागले. पण बैल गेले, सालगडी गेले, पेरणीच्या गप्पा गेल्या. पुरुष सकाळी उठून करायचं काय म्हणून पंचायतीच्या भिंतीवरच्या पडद्यापुढे जाऊन बसत आणि हिरवा नकाशा बघत. येळवस बंद पडली. उभं पीक नाही, कोप कशात घालणार. एका वर्षी मी भज्जीचं पातेलं घेऊन एकटीच निंबाखाली गेले, गवतात बसून खाल्लं आणि परत आले. हे म्हणाले, काय गं, तुझा वनवास संपला का. मी म्हटलं, संपला, राज्य तुम्हीच सांभाळा.

मधल्या काळात गावात दोन-चार म्हातारी माणसं गेली आणि नेहमीसारखी आपापल्या शेतात बसवली. जुन्या सुयांना ते कळत नव्हतं. मग नव्या सुया आल्या. त्या खोलवरचं ऐकायच्या. त्यांनी ऐकलेलं पहिलं माणूस म्हणजे गवराबाई.

गवराबाई आमच्या शेजारच्या शेताच्या मालकीण. त्यांची सून निलावती विधवा, घर तिच्यावर. सासूला ती आत्ती म्हणायची आणि दोघी बहिणींसारख्या भांडायच्या नि नांदायच्या. आत्ती गेल्यावर निलावतीनं रीतीप्रमाणे शेतात बसवलं, मूठ राखून मीठ घातलं नाही, सढळ हातानं घातलं, वर दगडी चौथरा बांधला. आठवडा झाला नाही तोच पडद्यावर तिच्या शेतात काळा डाग उठला. मिठामुळे तो पसरत पसरत आमच्या बांधापर्यंत आला. त्या वर्षी पट्ट्याचा निधी अर्धा झाला.

सभा भरली. लोक चिडले होते, पण बाईमाणसाला बोलायचं कुणी म्हणून एकमेकांकडे बघत होते. बोलले आमचे हे. शांतपणे बोलले, तेच वाईट. म्हणाले, "निलावती, आत्ती मातीत गेल्या. आता माती सगळ्या पट्ट्याची आहे. चौथरा काढून घे, गवत लाव." आणि मग ठराव मांडला की यापुढे पट्ट्यातलं कुणीही शेतात जाणार नाही. सगळे रुद्रभूमीत. हात वर झाले. निलावतीचा झाला नाही, पण तो कुणी मोजला नाही.

चौथऱ्याचे दगड आमच्याच ट्रॉलीतून पंचायतीत आले आणि पडद्यासमोर बसायला मांडले गेले. निलावती बांधावर उभी राहून बघत होती. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, काकू, जा घरी, ऊन लागेल. त्यानंतर ती आमच्या अंगणातून जायची बंद झाली. लांबच्या वाटेनं जायची.

पुढच्या पावसाळ्याआधी ह्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी आडून आडून सांगितलं, आम्ही दोघंही समजून घेतलं. एका दुपारी मी शेंगा फोडत बसले होते. हे खाटेवरून बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होते.

"सुगला," ते म्हणाले, "मला रस्त्याकडेला नेऊ नको."

रुद्रभूमी चौपदरी रस्त्याला लागून होती. ट्रक गेले की तिथली जमीन हादरायची.

"अण्णांच्या शेजारी ने. एकट्यानं खणून बसवलंय मी त्यांना."

मी म्हटलं, मग गावाला काय सांगू?

ते म्हणाले, "ते मला सुचत नाही." आणि कूस वळवली. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पण ती मागणी नव्हती असं मी स्वतःला कधी सांगू शकले नाही.

ते गेले तेव्हा दीपाली, आमची मुलगी, पुण्याहून आलेलीच होती. त्यांना ओसरीत बसवलं. गळ्यात हार घातले, भजनी मंडळ आलं. ह्यांचा चुलतपुतण्या संगमेश्वर आता समितीचं काम बघत होता. तो हात जोडून माझ्यापाशी आला आणि रुद्रभूमीत खड्डा घ्यायला माणसं पाठवल्याचं हळूच सांगितलं. मी म्हटलं, थांबव. त्यांना शेतात जायचं होतं.

त्यानं नाही म्हटलं नाही. मोठ्यानं तर मुळीच नाही. काकू, तुम्ही म्हणाल तसं करू, असं म्हणून तो बाहेर गेला आणि मग एकेक जण आत येऊ लागला. अप्पांचा शब्द गावात किती मोठा होता ते एकानं सांगितलं. अप्पांनी स्वतःच्या घरालाही नियम लावला असता, असं दुसऱ्यानं. तिसऱ्यानं पट्ट्यातल्या ज्या घरांचं पोट निधीवर आहे त्यांची नावं घेतली. भजन चालूच होतं. हे मधोमध बसून ऐकत होते.

दीपाली माझ्या बाजूची होती. आई, शेत आपलं आहे, सातबारा आपला आहे, कोण अडवतं बघू, असं तिचं म्हणणं. अडवणार कुणीच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी चपला घातल्या आणि घरातलं तसंच सोडून निलावतीकडे गेले. दारात प्रेत बसलेलं असताना घरची बाई उंबरा ओलांडून शेजारी जाते, हे गावानं कधी पाहिलं नव्हतं.

ती चुलीपाशी नव्हती, कुठं कामात नव्हती, नुसती बसली होती. आमच्याकडे यायचं की नाही ते ठरवत असावी. मी उभ्यानंच सांगितलं. ह्यांना शेतात न्यायचं आहे, तू हो म्हण, मग बाकीच्यांचं मी बघते.

"मला कशाला विचारूलालाव काकू?" ती म्हणाली. "मला तवा कुणी विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, म्हणूनच विचारते.

तिनं पदरानं तोंड पुसलं. ती रागात नव्हती. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"खणा की. मी काही आडवी येत नाही. पण अप्पाला तिथं बसवलंत तर मी माझ्या आत्तीला काय सांगू, तेवढं तुम्हीच सांगून जावा."

परत येताना मला कळलं होतं. एकाच माणसानं दोन शब्द मागे ठेवले होते. एक गावाला, भर सभेत दिलेला, एक माझ्याजवळ, शेंगा फोडताना. दुसरा पाळायचा तर निलावतीच्या डोळ्याला डोळा देता आला पाहिजे होता, आणि मला तो देता येत नव्हता. मी संगमेश्वरला सांगितलं, रुद्रभूमीत न्या. दीपालीनं माझा हात सोडला. ती पुढे कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतं बोलली.

जंगम होता, मंत्र होता, रीत सगळी झाली. मूठमाती देताना एक कंटेनर गेला आणि खड्ड्याच्या कडेची माती आपोआप आत ढासळली.

वर्ष गेलं. त्या वर्षात पट्ट्यातलं दुसरं कुणी गेलं नाही. आणि मग पडद्यावरचा निलावतीच्या शेतातला काळा डाग कडेनं उजळायला लागला. लोकांना आधी वाटलं, पडदा बिघडला. पण दर आठवड्याला तो आणखी हिरवा होत गेला. मीठ पावसानं धुऊन नेलं होतं आणि आता जाळं आत शिरत होतं. शेवटी सगळ्या पट्ट्यात कुठं नाही इतकं गर्द हिरवं तिथं झालं. तिथून तंतू आमच्या बांधाखालून इकडे आले, पलीकडच्या शेतात गेले. गवराबाईंनी सगळ्यांना जेवायला घातलं.

जिल्ह्याहून मृदा अधिकारी आली. कियारा नावाची, माझ्या नातीच्या वयाची, गोड मुलगी. तिनं पंचायतीत लोकांना समजावलं. तंतूंना नत्र लागतं, स्फुरद लागतं, आणि माणसाच्या शरीरात ते भरपूर असतं. आधी जखम दिसते, मग ती जखमच जाळ्याचं पोट होते. इतर जिल्ह्यांतही तेच दिसलं होतं. मुंबईच्या अधिवेशनात कायद्याला जोड मिळाली. खासगी जमिनीत मानवी दफन आता संवर्धनाचं काम धरलं जाणार होतं, त्याला वाढीव निधी होता. फक्त मीठ घालायचं नाही, चौथरा बांधायचा नाही, आणि जागा यंत्र ठरवणार. जिथं जाळं विरळ आहे तिथं. पट्ट्यातल्या प्रत्येक वयस्क माणसासाठी नकाशावर एकेक पिवळा ठिपका दिला होता.

गवराबाईंच्या दगडांवर बसून लोक आपापले ठिपके शोधत होते. एक म्हातारा म्हणाला, माझा नेमका बोरीच्या काट्यात आलाय, जन्मभर बायको बोलली तेच खरं झालं. सगळे हसले. मीही हसले असते.

कियारा माझा ठिपका दाखवायला घरी आली. पाणी प्यायली, ह्यांच्या फोटोला नमस्कार केला आणि नकाशा दिसणारी हातातली पाटी पुढे धरली. निंबाखाली, सासऱ्यांच्या समाधीला लागून. तिथं एकाच जागी पिढ्यानपिढ्या मीठ पडलंय, ते अजून धुऊन गेलेलं नाही, म्हणून माती अशक्त आहे, ती म्हणाली. तिला वाटलं मला आनंद होईल.

मी विचारलं, "बाई, ह्यांना तिकडून काढून इथं आणता येईल का? रीतीत बसत नाही, पण मी जंगमाशी बोलेन."

ती थोडी गोंधळली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"आजी, वर्ष होऊन गेलं ना. आता त्यांचा मातीला फारसा उपयोग नाही."

मी पाटी परत दिली. माझा ठिपका काढून टाका म्हटलं. मला रुद्रभूमीत, ह्यांच्या शेजारी जायचं आहे. संमती सक्तीची नाही, तसं करता येईल, ती म्हणाली. दाराशी गेल्यावर चप्पल घालता घालता म्हणाली, अजून तरी नाही.

ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. पुन्हा तीच माणसं एकेक करून ओसरीवर येऊ लागली. निंबाखालचा कोपरा हिरवा झाल्याशिवाय पट्टा वरच्या श्रेणीत जाणार नव्हता. काकू, पट्ट्याचा विचार करा, संगमेश्वर म्हणाला. वर्षापूर्वी ह्याच घरात, ह्याच आवाजात त्यानं आत पाठवलेली माणसं हेच म्हणाली होती. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, तेव्हाचं शास्त्र वेगळं होतं काकू.

मग सभा झाली. रुद्रभूमीची आता गरज उरली नाही, ज्यांना शेत नाही त्यांनाही पट्ट्यात ठिपके मिळतील, असं संगमेश्वरनं मांडलं. रस्त्यावाल्यांना रुंदीकरणासाठी जागा हवीच होती. जुन्या समाध्यांना धक्का लागणार नाही, फक्त यापुढे तिथं नवं दफन होणार नाही. हात वर होऊ लागले.

निलावती उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती.

"सुगलाकाकूला तेवढं जाऊ द्या तिकडं. तेवढ्यानं कुणाचा पट्टा मरणार नाही."

एकाला दिलं की सगळे मागतील, कुणीतरी म्हणालं. ठराव झाला.

घरी परतताना ती माझ्याबरोबर आमच्या अंगणापर्यंत आली. म्हणाली, काकू, त्या दिवशी तुम्ही मला विचारायला आला नसता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, विचारलं ते बरोबर होतं, आणि तू बोललीस तेही. मग चुकलं कुणाचं म्हणायचं, तिनं विचारलं. आम्ही दोघी ओसरीच्या कडेला बसलो, चहा झाला, ती गेली.

दीपालीला मी फोन करून कळवलं. ती रडली, आणि बऱ्याच दिवसांनी मला आई म्हणाली. कोर्टात जाऊ म्हणत होती. मी नको म्हटलं. त्यांना हवी होती ती जागा आता मला मिळेल, आणि मला हवी होती ती कुणालाच मिळणार नाही. रुद्रभूमीच्या फाटकाला पंचायतीनं कुलूप लावलंय. ह्यांच्यानंतर तिथं कुणाला नेलं नाही, यापुढे नेणारही नाहीत. नियम ह्यांनीच केला होता, आणि तो पाळणारे साऱ्या गावात ते एकटेच निघाले.